मनमाड ते जालना, भागिले ८७

सुरुवातीला एक सोपं गणित करू. मनमाड ते जालना हे रेल्वेचं अंतर साधारण १७५ किलोमीटर. त्याला ८७ ने भागा. उत्तर दोन किलोमीटरच्या आसपास येतं. म्हणजे आपल्या भागातली ही रेल्वे ८७ पट लहान करून मांडायची म्हटली, तरी ती कॉलेजच्या गेटातून बाहेर पडून दोन-तीन चौक ओलांडून जाईल! आम्ही मात्र ती वर्कशॉपच्या पॅसेजमध्ये बसवतोय. नऊ बोर्ड, प्रत्येक सव्वाएक मीटरच्या आतला. कशी, ते या लेखात सांगायचं आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे मराठीत कुठे इंग्रजी शब्द घुसले तर संपादक मंडळाने मोठ्या मनाने घ्यावं. तसंही रेल्वेचे निम्मे शब्द इंग्रजीच आहेत.)

आधी हे ८७ कुठून आलं ते बघू. मॉडेल रेल्वेचा छंद जगभर आहे आणि त्यात सगळ्यात जास्त चालणाऱ्या मापाला एचओ म्हणतात. ओ नावाच्या जुन्या मापाच्या निम्मं म्हणून 'हाफ ओ', त्याचं झालं एचओ. यात खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर धरतात. एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी, त्याला ३.५ ने भागलं की ८७ येतात. युरोप-अमेरिकेत दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिमी असतं. त्याला ८७ ने भागा, साडेसोळा मिमी. म्हणून बाजारात मिळणारा एचओचा रूळ साडेसोळा मिमीचा असतो.

इथेच आपली पहिली अडचण सुरू होते. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमीचं. त्याचे ८७ ने भागून १९.३ मिमी होतात. म्हणजे विकतच्या रुळावर भारतीय डबा ठेवला की डबा रुंद आणि रूळ अरुंद दिसतो, एखाद्या जाड माणसाने धाकट्या भावाची चप्पल घातल्यासारखा. पुष्कळ भारतीय छंदवाले हे चालवून घेतात आणि त्यात चूक काहीच नाही. पण आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्यांना ते झोपू देईना.

शिवाय आम्हाला ब्रॉडगेज करायचंच नव्हतं. आपल्या गावातून जाणारी ही लाइन मुळात मीटरगेज होती. निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. रुळांतलं अंतर बरोबर १००० मिमी. १९९० च्या दशकात गेज बदललं आणि आपल्या आईबाबांनी कॉलेजात असताना पाहिलेली ती छोटी गाडी गेली. आज स्टेशनवर उभं राहून त्या काळाची एकही खूण चटकन दाखवता येणार नाही. इंजिनांच्या नावात मात्र ते गेज लिहिलेलं असायचं, हे मला या नादातच कळलं. भारतीय इंजिनाच्या नावातलं पहिलं अक्षर डब्ल्यू असलं की ब्रॉडगेज, वाय असलं की मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज आणि एन म्हणजे दोन फुटी. म्हणून वायपी आणि वायजी ही मीटरगेजची वाफेची इंजिनं, एक पॅसेंजरसाठी, दुसरं मालगाडीसाठी, आणि वायडीएम-४ हे डिझेल. आता फलाटावर उभे असताना इंजिनाच्या अंगावरची अक्षरं वाचा, प्रवास जरा बरा होतो.

हजार मिमी भागिले ८७, साडेअकरा. आम्ही बारा मिमी धरले. असा रूळ आपल्याकडे कुठल्या दुकानात मिळत नाही, तेव्हा स्वतः करायचा ठरला. आणि इथून खरी मजा सुरू झाली.

पुण्याचे जोशी आणि एमआयटीचे विद्यार्थी

पण त्याआधी दोन जुनी उदाहरणं. पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झालं. भाऊ म्हणून ओळखले जाणारे बी. एस. जोशी यांनी ते उभं केलं. एका मोठ्या टेबलावर अख्खं शहर आहे. वाफेच्या, डिझेलच्या, विजेच्या गाड्या, टांगती गाडी, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, गाडीत बसून सिनेमा बघायचं ड्राइव्ह-इन थिएटर. शो सुरू झाला की दिवे मंद होतात, शहरात रात्र होते, घराघरांत दिवे लागतात, आणि ज्या मोठ्या माणसांना मुलांनी ओढून आणलेलं असतं तीच पुढे वाकून बघायला लागतात. मी मावशीकडे गेले होते तेव्हा पाहिलं.

मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट मात्र टेबलावरची नाही. जोशींनी एकदम हे कायमचं शहर बांधलं नव्हतं. त्याआधी १९८० च्या दशकात त्यांनी उचलून नेता येईल अशी मांडणी करून लोकांना दाखवली होती. म्हणजे ती आधी जोडायची, लोकांसमोर चालवायची, परत सुटी करायची. ज्याने कधी प्रोजेक्ट एका रूममधून दुसऱ्या रूममध्ये हलवलाय त्याला कळेल, की एकदा हलवल्यावर कुठली गोष्ट कच्ची होती ते लगेच समजतं. कायमच्या टेबलावर कच्ची गोष्ट वर्षानुवर्षं लपून राहू शकते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटीचं. तिथे १९४६ साली विद्यार्थ्यांनी टेक मॉडेल रेलरोड क्लब काढला. त्यात दोन प्रकारची मुलं होती. काही जण टेबलाच्या वर काम करायचे, म्हणजे डोंगर, घरं, डबे रंगवणं. बाकीचे टेबलाच्या खाली. टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणि स्विच वापरून कुठल्या रुळाला कोणाचा करंट द्यायचा याची यंत्रणा त्यांनी बांधली. या खालच्या मंडळींचं नाव सिग्नल्स अँड पॉवर. एखादी युक्ती सुबक जमली की ती तिथे 'हॅक' म्हणायची, आणि आज आपण जो हॅकर शब्द वापरतो तो कॉम्प्युटरच्या जगात यायला हे टेबल मोठं कारण झालं. १९५० च्या दशकाच्या शेवटी यांतली बरीच मुलं रात्री-अपरात्री कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसू लागली. स्पेसवॉर हा १९६२ सालचा, अगदी सुरुवातीच्या कॉम्प्युटर गेमपैकी एक. तो लिहिणारा स्टीव्ह रसेल आणि त्याचे काही साथीदार याच क्लबमधले.

आमच्याकडेही तसंच झालं, कोणी न ठरवता. सिव्हिलवाले टेबलाच्या वर, इलेक्ट्रॉनिक्सवाले टेबलाच्या खाली आडवे. मेकॅनिकलवाले लेथवर. मी इलेक्ट्रॉनिक्सची, त्यामुळे माझ्या ओढण्यांना सोल्डरची भोकं आहेत.

साधं मोजमाप

आता थोडं अभ्यासाचं. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडले तरी चालेल, पण खडीचा भाग वाचा, तो छान आहे.

मॉडेल आणि खेळणं यांत फरक काय? खेळणं गाडीसारखं दिसलं की पुरे. मॉडेलमध्ये माप खरं असावं लागतं. पण सगळीच मापं भागून चालत नाही, हे आम्हाला हातानेच कळलं. वळण घ्या. ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० अंशाचं वळण चालतं आणि रेल्वेच्या सूत्राने त्याची त्रिज्या १७५ मीटर येते (१७५० भागिले अंश). भागिले ८७, दोन मीटर. म्हणजे पूर्ण गोल फिरायला चार मीटर व्यास लागणार. आपल्या हॉस्टेलच्या रूमा दहा बाय बारा फुटांच्या! गाडी वळता वळता भिंतीतून शेजारच्या रूममध्ये जाईल. म्हणूनच विकतचे एचओचे रूळ अर्ध्या मीटरच्या आतल्या त्रिज्येचे असतात आणि लांब डबे त्यावर विचित्र कोनात बाहेर येतात. मीटरगेज याबाबत दयाळू. तिथे १६ अंश चालतात, म्हणजे १०९ मीटर, मॉडेलमध्ये सव्वा मीटर. आमची लाइन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणारी असल्यामुळे गोल फिरायचंच नाही. अंकाईच्या बोर्डावर फक्त एक हलकं वळण आहे, मागे अंकाई-टंकाईचे डोंगर.

आता खडी. रुळाखाली जी खडी असते तिचा आकार ६५ मिमीपासून २० मिमीपर्यंत. भागिले ८७ करा. ०.७५ मिमी ते ०.२३ मिमी. ही संख्या बघून सिव्हिलचा मित्र ओरडलाच, कारण त्याने आदल्याच आठवड्यात सीव्ह अॅनालिसिसचं प्रॅक्टिकल दिलं होतं. ८५० मायक्रॉनच्या चाळणीतून पडेल आणि ३०० च्या चाळणीवर राहील, तीच आमची खडी! क्रशरवरची काळ्या दगडाची कच एक पिशवी आणली, लॅबमध्ये परवानगी काढून चाळली. खरी खडी बेसॉल्टची, आमचीही बेसॉल्टची. परदेशी छंदवाले हीच गोष्ट डबीतून विकत घेतात. फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडायचं. साबण नसेल तर पाणी खडीवर मण्यासारखं उभं राहतं, आत जात नाही. (सरफेस टेन्शन, फर्स्ट इयर, तेव्हा आपण सगळ्यांनी ते पाठ केलं होतं.)

वजनाचं मात्र उलटं. लांबी ८७ ने भागली की वजन ८७ च्या घनाने भागावं लागतं, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त. वायडीएम-४ इंजिनाचं वजन ७२ टन. भागून येतात जेमतेम ११० ग्रॅम. थ्री-डी प्रिंट केलेली आमची बॉडी त्याहूनही हलकी झाली आणि चार डबे लावले की चाकं जागच्या जागी फिरायची. इंजिन ओढतं ते मोटरच्या जोरावर नाही, चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणावर, आणि घर्षण वजनावर. शेवटी टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायचे शिशाचे तुकडे आणून पोटात चिकटवले. खऱ्या रेल्वेतसुद्धा काही हलक्या इंजिनांत नुसतं वजन वाढवायला लोखंड भरतात, तेव्हा यात लाज वाटायचं कारण नाही.

मोटर निवडणं मात्र एका ओळीचं काम. चाक ११ मिमीचं, म्हणजे एका फेरीत साडेचौतीस मिमी. गाडी ताशी ५० किलोमीटरने धावल्यासारखी दिसायची तर सेकंदाला १६ सेंटिमीटर जायला हवी. मिनिटाला २८० फेऱ्यांच्या आसपास. रोबोटिक्सवाले वापरतात ती एन-२० नावाची छोटी गिअर मोटर ३०० आरपीएमची मिळते. झालं!

आणि चाकाबद्दल एक प्रयोग सांगते, रात्री मेसमध्ये करून बघा. चहाचे दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून टेपने चिकटवा, म्हणजे मधे जाड आणि टोकांना निमुळतं होईल. दोन लांब पट्ट्या समांतर ठेवून त्यावर उतरतं सोडा. तो कप डावी-उजवीकडे डुलत डुलत सरळ जातो. आता दुसरी जोडी बुडाला बूड लावून चिकटवा. ती लगेच खाली पडते. रेल्वेचं चाक असंच निमुळतं असतं, उतार साधारण २० ला १. जाडी आतल्या बाजूला. गाडी उजवीकडे सरकली की उजवं चाक मोठ्या व्यासावर चालतं, जास्त अंतर कापतं आणि जोडी आपोआप परत डावीकडे येते. चाकाची कड, म्हणजे फ्लँज, ही शेवटची राखण. सरळ रुळावर गाडीला सावरते ती ही उतरण. वर्कशॉपमध्ये आमच्या मित्राने पितळेच्या रॉडवर कंपाउंड रेस्ट तीन अंशाला लावून २४ चाकं काढली. वर्कशॉपचे मामा म्हणाले, "चार वर्षांत पहिल्यांदा कुणी जॉबसाठी नाही, कामासाठी टेपर टर्निंग केलं." मला ते वाक्य फार आवडलं.

फ्लँज भागून चालत नाही, तो ठरवून मोठा ठेवावा लागतो. कारण साधं आहे. गाडी ८७ पट लहान झाली, पण संभाजीनगरची धूळ तेवढीच राहिली. दर रविवारी पहिला अर्धा तास रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्यात जातो.

जोड

आता मुख्य गोष्ट. हे सगळं एकत्र कुठे ठेवायचं? मुलांच्या हॉस्टेलमध्ये ठेवलं तर आम्ही मुली तिथे जाऊ शकत नाही, आमच्या हॉस्टेलमध्ये ठेवलं तर मुलं पायरीही चढू शकत नाहीत. आणि आम्हाला संध्याकाळी गेट. कोणाच्याच रूममध्ये अकरा मीटर जागा नाही. म्हणून प्रत्येकाने एक स्टेशन घेतलं. मनमाड, अंकाई, नगरसूल, रोटेगाव, लासूर, दौलताबाद, आपलं शहर, बदनापूर, जालना. बोर्ड १२०० मिमी लांब, ३०० रुंद. प्लायचा, म्हणजे एकटीला उचलता येतो आणि कॉटखाली जातो. रविवारी वर्कशॉपचा पॅसेज मिळतो. तिथे नऊ बोर्ड आणायचे, बोल्टने जोडायचे, गाडी सोडायची, संध्याकाळी सुटे करायचे.

असे सुटे बोर्ड जोडायची पद्धत परदेशात जुनी आहे, क्लबमधले लोक आपापला भाग घरी बांधतात आणि महिन्यातून एकदा हॉलमध्ये येऊन जोडतात. त्यांचा नियम एकच असतो. बोर्डाच्या मधे तुम्हाला काय हवं ते करा, पण टोकं ठरल्याप्रमाणे. आमचंही तेच. टोकाला रूळ बरोबर मध्यावर, रुळाची उंची ठरलेली, ८ मिमीच्या बोल्टची दोन भोकं २०० मिमी अंतरावर. यासाठी आम्ही एमडीएफचं एक टेम्पलेट केलं आणि सगळ्यांनी त्यातूनच भोकं पाडायची. सुरुवातीला कोणी स्केलने मोजून पाडली. ती जोडताना अर्धा-पाऊण मिमी इकडे-तिकडे झाली, आणि बारा मिमीच्या रुळात तेवढ्याने गाडी पडते. टेम्पलेट आल्यावर भांडणं संपली. दहा जणांनी दहा वेळा नीट मोजण्यापेक्षा एकाने एकदा नीट भोक पाडणं बरं, हे प्रॉडक्शनच्या पुस्तकात जिग आणि फिक्श्चर म्हणून एक धडा आहे. तो मी ब्रांच वेगळी असून या निमित्ताने वाचला.

रूळ पितळी पट्टीचे, उभे. स्लीपर म्हणजे कॉपरक्लॅडच्या, पीसीबी करतो त्याच बोर्डाच्या, पट्ट्या. त्यावर पट्टी सरळ सोल्डर करायची. फक्त प्रत्येक स्लीपरच्या मधोमध तांबं करवतीने कापायचं, नाहीतर डावा रूळ आणि उजवा रूळ शॉर्ट. एका बोर्डावर शंभरेक स्लीपर. एक जरी राहिला तरी अख्खी लाइन बंद. मल्टिमीटर लावून एकेक तपासायचा. वायरिंगचा नियम असा, की मनमाडकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताचा रूळ लाल वायरचा. प्रत्येक बोर्डाखाली मनमाडचा बाण काढलेला आहे. खऱ्या रेल्वेत अप आणि डाउन ठरवावंच लागतं, तसंच.

रविवारचा दुसरा नियम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. बोर्ड ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत आणायचा. डोंगर म्हणून नुसता थर्माकोल असू दे, स्टेशन म्हणून काड्यापेटी असू दे. 'पुढच्या आठवड्यात पूर्ण करून आणतो' चालणार नाही. हे ऐकायला सोपं आहे, पण आपल्याला याची सवय नाही. आपल्याकडे काम दाखवायचं ते सबमिशनला, फाइल बांधून, आणि तोवर झाकून ठेवायचं. फायनल इयरचे तयार प्रोजेक्ट बाजारात मिळतात हे इथे कोणाला नवीन नाही, आणि ते खपतात याचं एक कारण हेच की मधल्या महिन्यांत कोणी काही बघतच नाही. व्हायवाला सगळे तयार वस्तूच बघतात. पहिल्या दोन रविवारी आमच्यातल्या दोघांनी बोर्ड आणलेच नाहीत, लाज वाटते म्हणून. तिसऱ्या रविवारी आणले, आणि लासूरवाल्याला जो सांधा (म्हणजे पॉइंट, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा) तीन आठवडे जमत नव्हता, तो बदनापूरवालीने बघितल्या बघितल्या सांगितलं की तुझी जीभ पट्टी फार जाड आहे, टोक कानशीने ब्लेडसारखं कर. वीस मिनिटांत काम झालं.

आणि एकदा आमच्याकडे जालन्याहून आजोबा आले. माझे आजोबा मीटरगेजच्या काळात याच लाइनीवर पॉइंट्समन होते. डबा द्यायला आले होते, रविवार होता, मी त्यांना पॅसेजमध्ये नेलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला. मग दौलताबादच्या बोर्डापाशी थांबले. तिथे आमच्या सिव्हिलच्या मित्राने दहा मिमी जाडीच्या सनबोर्डचा प्लॅटफॉर्म कापून नुसता ठेवला होता, चिकटवलेला नव्हता. आजोबा म्हणाले, "पोरी, फलाट लई उंच झालं. एवढं उंच फलाट ही मोठी लाइन झाल्यावर आलं. आमच्या टायमाला म्हातारी माणसं पायरी धरून चढायची."

आम्ही रेल्वेची मापं काढली. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिमी, मीटरगेजचा ३०५ ते ४०५. भागिले ८७ केलं, तर एक साडेनऊ मिमी आणि दुसरा साडेचार. मित्राने तिथल्या तिथे तो प्लॅटफॉर्म उचलला आणि पाच मिमीचा कापायला घेतला. जर त्याने आधीच चिकटवून, रंगवून, वर माणसं उभी करून आणला असता, तर आजोबा काही बोललेच नसते. 'छान केलंय' म्हणाले असते. मी त्यांना ओळखते.

सिंगल लाइनवर दोन गाड्या समोरासमोर कशा येत नाहीत, तेही त्या दिवशी त्यांनी सांगितलं. दोन स्टेशनांत एकेक यंत्र, विजेने एकमेकांना जोडलेलं. त्यात लोखंडी गोळे असतात. समोरच्या स्टेशन मास्तरने संमती दिली तरच गोळा बाहेर येतो, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रांतून दुसरा निघत नाही. हा गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने पुढे जायचं नाही. न थांबणाऱ्या गाडीला तो कड्याला बांधलेल्या पिशवीत घालून द्यायचे, ड्रायव्हर धावत्या इंजिनातून हात काढून कडं झेलायचा. "पावसात ते कडं दंडावर असं बसायचं ना," असं म्हणून त्यांनी बाही वर केली. आम्ही दंड बघितला. त्यावर काही नव्हतं, पण ते दाखवत होते ती जागा मात्र अगदी नक्की होती.

त्यांनी सांगितलेलं आम्ही पुढच्या आठवड्यात बांधलं. दोन स्टेशनांमधल्या प्रत्येक सेक्शनला एक काचेची गोटी. सेक्शनच्या दोन्ही टोकांना एकेक खाच, खाचेखाली मायक्रोस्विच. गोटी ज्या टोकाच्या खाचेत, त्या टोकाच्या कंट्रोलरचा करंट रुळात. गोटी एकच, त्यामुळे दोन कंट्रोलर एकाच रुळावर येऊच शकत नाहीत. आर्डुइनो नाही, कोड नाही, प्रत्येक खाचेला दहा-वीस रुपयांचा स्विच. आमच्यातल्या एकाने हेच सॉफ्टवेअरमध्ये करायचा प्रस्ताव दिला होता आणि तोही चांगला होता. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी हातात धरता येणारी वस्तू निवडली, याचं कारण मला आता पटतं. गोटी हातात आहे की नाही, हे अंधारातही कळतं.

एक खोच राहते. गाडी सेक्शनमधून स्टेशनच्या रुळावर येताना पुढची चाकं एका कंट्रोलरवर आणि मागची दुसऱ्यावर असतात. दोन्हींची दिशा उलटी ठेवली तर शॉर्ट, वेग वेगळा ठेवला तर गाडी दचकते. त्यामुळे दोन्ही स्टेशनवाल्यांना एकमेकांकडे बघूनच नॉब फिरवावा लागतो. गेल्या महिन्यापासून यासाठी आम्ही खऱ्यासारखी घंटीची खूण ठेवली आहे.

आता अडचणीचं सांगते. नऊपैकी चार बोर्ड फायनल इयरच्या मुलांचे आहेत. मे महिन्यात परीक्षा संपली की मनमाड, नगरसूल, लासूर आणि बदनापूर आपापल्या मालकांबरोबर नांदेड, परभणी, बीड आणि धुळ्याला जाणार. त्यांनी ते स्वतःच्या पैशाने केलेत, त्यांचेच आहेत, आणि मागणं आम्हाला बरं वाटत नाही. एक जण म्हणाला, मी ठेवून जातो. पण त्याचाच बोर्ड सगळ्यात सुंदर झालाय, आणि तो घरी आईला दाखवायचा आहे हे त्याने पहिल्या रविवारीच सांगितलं होतं. तेव्हा बोर्ड जाणार.

राहतील पाच आणि एक टेम्पलेट. मधे तीन ठिकाणी आणि मनमाडच्या टोकाला खंड. तिथे सध्या नुसत्या फळीवर सरळ रूळ टाकून काम भागेल, गाडी न थांबता जाईल. जे जातील त्यांनी कबूल केलंय की टोकं बदलणार नाहीत, म्हणजे कधी गॅदरिंगला आले तर बोल्ट बसतील.

सेकंड इयरच्या मंडळींसाठी माहिती अशी: चार स्टेशनं मोकळी होणार आहेत. एका बोर्डाला प्लाय, पितळी पट्टी, कॉपरक्लॅड आणि वायर धरून आम्हाला हजार रुपयांच्या आत खर्च आला. चाळलेल्या खडीच्या दोन बाटल्या शिल्लक आहेत. टेम्पलेट वर्कशॉपमध्ये मामांच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेलं आहे, ते घरी न्यायचं नाही, तिथेच भोकं पाडायची. आणि लासूर घेणाऱ्याने मला आधी भेटावं, तिथला सांधा डावीकडे उघडतो की उजवीकडे यावर आजोबांचं आणि आमचं अजून एकमत झालेलं नाही.